फिट्टंफाटीचा दिवस

मुलांनो, डोळे मिटा आणि एक करवत डोळ्यांपुढे आणा. सुताराच्या पेटीत मावते तशी नव्हे. ही तुमच्या आईहूनही लांब आहे, पात्याच्या पोटाला जरा बाक आहे आणि दोन्ही टोकांना एकेक उभी लाकडी मूठ आहे. मध्ये ओकच्या झाडाचा भलामोठा ओंडका. एका मुठीशी तुम्ही, दुसऱ्या मुठीशी तुमचा सगळ्यांत जवळचा मित्र. आता ओढा. ओढून झालं की हात सैल सोडा, म्हणजे मित्राला ओढता येईल. तुम्हाला वाटेल, तो ओढतोय तेव्हा आपण थोडं ढकलून मदत करावी. ती मदत करायची नाही. ढकललं की पातं वाकतं आणि करवत अडून बसते. ओढायचं आणि सोडायचं, एवढंच. ओढणं कुणालाही जमतं, सोडणं शिकावं लागतं.

दिसली करवत? मग तिच्याजवळ अकरा वर्षांची एक मुलगी उभी करा. डोक्यावर लोकरी टोपी, एका हातात हातोडी, आणि कोटाच्या खिशात लाकडाची एक पाचर. तिचं नाव इंगा.

इंगा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका खेड्यात आई आणि आजोबांबरोबर राहायची. आजोबांचं नाव आर्विड. शेताच्या कुंपणापलीकडे एमिल पेकारेक राहायचे, एकटेच. इंगा त्यांना एमिलकाका म्हणायची. या दोन म्हाताऱ्यांची मैत्री जुनी होती आणि त्यांचं एका गोष्टीवर कधीच पटलं नव्हतं. आजोबा डेमोक्रॅट आणि एमिलकाका रिपब्लिकन. दोघंही असे पक्के की एकाने पाऊस पडेल म्हटलं तर दुसरा आधी आकाशाकडे नाही, त्याच्या पक्षाकडे बघायचा.

आणि तरीही, दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की मतदानाच्या दिवशी दोघंही मत द्यायला जात नसत. एमिलकाकांच्या रानात जाऊन सरपण तोडत.

याची सुरुवात इंगाची आई जन्मायच्याही आधीची. असाच नोव्हेंबरचा मंगळवार होता, वरून बर्फाळ पाऊस पडत होता. मत द्यायला निघालेल्या आजोबांचा ट्रक खडीच्या रस्त्यावरून घसरून चरात गेला. मागून एमिलकाका येत होते, तेही मत द्यायलाच. त्यांनी घरी जाऊन ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, आणि ट्रक वर येईपर्यंत मतदानाची वेळ टळून गेली. दोघंही चिखलाने माखलेले. एमिलकाकांनी विचारलं, "कुणाला देणार होतास रे?" आजोबांनी सांगितलं. एमिलकाका इतके हसायला लागले की रस्त्यातच खाली बसले. "मी त्याच्या विरुद्ध. म्हणजे आपण दोघं गेलो असतो काय आणि नसतो गेलो काय, फरक तेवढाच राहिला असता. फिट्टंफाट."

तेव्हापासून तो दिवस फिट्टंफाटीचा. एकाने मत द्यायचं नाही, म्हणून दुसऱ्यानेही द्यायचं नाही. एरवी दोघांकडे लाकडं कापायला पेट्रोलवर चालणाऱ्या करवती होत्या, पण त्या दिवशी आजोबांच्या वडिलांची जुनी दोन मुठींची करवत खुंटीवरून खाली यायची. निम्मं सरपण याचं, निम्मं त्याचं.

इंगा तीन वर्षांची असताना त्या दिवशी ट्रकमध्ये झोपली होती. सात वर्षांची असताना तिला पाचर मारायचं काम मिळालं. ओंडका अर्ध्याच्या खाली कापत आला की त्याची चीर वरून मिटायला लागते आणि पातं चिमटीत धरते. तेव्हा चिरेत वरून पाचर बसवायची, दोन ठोके द्यायचे, म्हणजे चीर उघडी राहते आणि करवत मोकळी चालते. इंगाने ते काम इतकं मन लावून केलं की एमिलकाका म्हणाले, "पुढच्या खेपेला हिला मूठ द्यायची."

पुढची खेप म्हणजे चार वर्षं. चार वर्षं ती त्या मुठीची वाट पाहत होती.

त्या वर्षी मात्र एक तिसरी उमेदवार उभी राहिली. ॲडा क्विग्ली तिचं नाव. ती पूर्वी न्यायाधीश होती आणि आता कुठल्याच पक्षाची नव्हती. सप्टेंबरमध्ये इंगा आणि आजोबा ट्रकमधून येत असताना रेडिओवर तिची मुलाखत लागली होती. कुणीतरी तिला दुधाच्या भावाबद्दल काहीतरी अवघड विचारलं. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मला माहीत नाही. विचारून सांगते."

आजोबांनी ट्रकचा वेग कमी केला. "ऐकलंस?"

"काय?"

"माहीत नाही म्हणाली. इतकी वर्षं उमेदवार ऐकतोय, कुणाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं."

पुढच्या आठवड्यात त्याच कार्यक्रमात ती परत आली आणि तिने खरंच उत्तर दिलं. आजोबा अंगणात ट्रक लावूनही खाली उतरले नाहीत, मुलाखत संपेपर्यंत आत बसून राहिले. ट्रकच्या खिडकीजवळ मग तिचं एक पत्रक दिसायला लागलं.

ते पत्रक इंगाच्या आईने पाहिलं. आईचं नाव कारिन. ती डेमोक्रॅट पक्षाची कार्यकर्ती होती आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपल्या गाडीतून केंद्रावर नेणार होती. जेवायला बसल्यावर तिने भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश वाढता वाढता विचारलं, "बाबा, त्या क्विग्लीबाई तुमच्या ट्रकमध्ये काय करतायत?"

"बसल्यायत. त्रास नाही देत."

"थट्टा नको. तुम्ही तिला मत देणार?"

"मी कुठे मत देतो? मी लाकडं तोडतो."

"पण द्यायचं झालंच तर?"

आजोबा घास चावत राहिले. "तर तिला."

आईने डाव खाली ठेवला. "गेल्या वेळी हे राज्य आपण किती थोडक्यात वाचवलं, विसरलात? इथे एका मताने पुढे असणाऱ्याला अख्खं राज्य मिळतं. ती निवडून येणार नाही, हे तुम्हालाही कळतंय. तिला दिलेलं मत म्हणजे एमिलकाकांच्या माणसाला दिलेलं अर्धं मत."

"अर्धं कसं?" इंगाने विचारलं.

"हे बघ. आजोबा आपल्याकडून उठून एमिलकाकांच्या बाजूला गेले, तर आपलं एक कमी आणि त्यांचं एक जास्त. दोनाचा फरक. आपल्याकडून उठून क्विग्लीकडे गेले, तर आपलं एक कमी, त्यांचं होतं तेवढंच. एकाचा फरक. दोनाचं अर्धं एक."

आजोबा म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. फक्त सुरुवात चुकतेय. माझं मत आधीपासून तुमच्या पक्षाच्या खिशात आहे असं धरलंयस, आणि मग मी ते काढून घेतलं म्हणून रागावतेयस. ते माझ्याच खिशात होतं गं."

आईने डाव पुन्हा उचलला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्यासारखं दिसलं. "तुम्ही आपले जा लाकडं तोडायला," ती म्हणाली. "आणि एमिलकाकांना यातलं काही सांगू नका."

का सांगायचं नाही, हे तिने सांगितलं नाही. इंगाला ते खटकलं, पण थाळीत हॉटडिश होतं आणि ते गरम होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी चर्चच्या तळघरात माशांचं गावजेवण असतं. तिथे एमिलकाका इंगाच्या शेजारी येऊन बसले. त्यांना हल्ली समोरचा माणूस कडेकडेने दिसायचा; डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट ठिपका बसला होता, म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. ते मान तिरकी करून इंगाकडे बघत म्हणाले, "हात दाखव. बरे आहेत. मूठ धरशील. पण तुझ्या आजोबांसारखं ढकलायचं नाही हं."

"मी ढकलत नाही," आजोबा म्हणाले.

"डेमोक्रॅट आहेस. ढकलल्याशिवाय राहवतं कुठे तुला?" टेबलावरचे सगळे हसले. मग एमिलकाका काटा हवेत हलवत म्हणाले, "यंदा त्या क्विग्लीबाईने चांगली पाचर मारलीय. सगळी आमचीच मतं खातेय ती. माझे दोन मेहुणे तिच्या नादाला लागलेत."

इंगाने आईकडे पाहिलं. आई घरी म्हणत होती की ती बाई आपली मतं खातेय. एकच बाई दोन्ही ताटांतलं कसं खाते, असं तिला विचारायचं होतं. पण आजोबा आपल्या ताटाकडे इतकं टक लावून बघत होते की तिने तोंड उघडलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर इंगा लाकडांच्या पडवीत गेली. ओकची तीन लाकडं तिने एका ओळीत मांडली. ही एमिलकाकांची बाजू. ॲशच्या झाडाची तीन लाकडं समोर मांडली. ही आजोबांची. दोन्हीकडून एकेक उचललं. दोन आणि दोन. फिट्टंफाट. बरोबर.

मग तिने ती परत जागेवर ठेवली. आणि आजोबांचं ॲशचं लाकूड काढून त्याच्या जागी पांढऱ्या सालीचं बर्चचं लाकूड जरा बाजूला ठेवलं. ही क्विग्लीबाई. आता ओक तीन, ॲश दोन, बर्च एक. इथून आजोबा आणि एमिलकाका सरपणाला गेले. म्हणजे एक ओक उचललं, आणि बर्च उचललं.

ओक दोन, ॲश दोन.

ती उकिडवी बसून बघत राहिली. दोघंही गेले असते, तर ओक पुढे होते. दोघंही घरी राहिले, तर बरोबरी. म्हणजे घरी राहण्याने एमिलकाकांच्या बाजूचं एक मत गेलं आणि समोरच्या बाजूचं काहीच गेलं नाही. आईला सुचलं होतं ते हे. आजोबांनी गप्प बसायचं, एमिलकाकांनी विश्वासाने करवत ओढायची, आणि आईच्या पक्षाला एक मत फुकटात सोडायचं.

आजोबा पडवीच्या दारात उभे होते. ते कधी आले तिला कळलं नाही.

"ते पांढरं कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

ते आत आले, लाकडांकडे बघत उभे राहिले. इंगाने पुन्हा सगळं मांडलं आणि पुन्हा उचलून दाखवलं. आजोबांना दोनदा दाखवावं लागलं नाही.

"एमिलकाकांना सांगणार?" तिने विचारलं.

"सांगितलं तर तो मत द्यायला जाईल."

"हो."

"मग उद्याचा दिवस होणार नाही. तुझी मूठ हुकेल." ते खाली वाकले आणि बर्चचं लाकूड उचलून त्याची साल नखाने सोलत राहिले. "आणि तुझी आई मला घराबाहेर काढील, ते वेगळंच." थोड्या वेळाने म्हणाले, "बघू," आणि लाकूड ठेवून निघून गेले.

मोठी माणसं बघू म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना बघायचं नसतं. हे इंगाला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर त्या रात्री अंथरुणात पडल्यावर तिला बरंही वाटलं. आजोबांनी नाही सांगितलं तर उद्या मूठ हातात येणार होती.

सकाळी शाळेला सुट्टी होती, कारण मतदान शाळेच्या जिममध्येच होतं. आई पहाटेच गाडी घेऊन गेली. आजोबांनी करवत पोत्यात गुंडाळून ट्रकमध्ये ठेवली, इंगाने थर्मास आणि भोपळ्याच्या वड्या घेतल्या, आणि दोघं एमिलकाकांच्या रानात पोहोचले. एमिलकाका आधीच येऊन बसले होते. जमिनीवर दोन आडव्या लाकडांवर ओकचा लांब ओंडका मांडून ठेवला होता.

"या, डेमोक्रॅट या," ते म्हणाले. "तुझं मत चुलीत घालायला मी तयार आहे."

"तुझंही," आजोबा म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यात रोजची खुमखुमी नव्हती.

पहिला तुकडा दोघांनी कापला. करवत खर्र करून इकडे यायची, खर्र करून तिकडे जायची. पिवळा भुसा दोघांच्या बुटांवर पडत होता. अर्ध्यावर आल्यावर इंगाने पाचर बसवली, दोन ठोके दिले. तुकडा धप्पकन पडला. दुसरी चीर सुरू झाली, वीतभर खोल गेली, आणि एमिलकाका थांबले.

"हं. आता पोरीला दे."

आजोबांनी मूठ सोडली आणि बाजूला झाले. मूठ तिथेच होती, हातांच्या घामाने काळी, गुळगुळीत झालेली. इंगाने हातमोजे काढले. हात मुठीवर ठेवला. लाकूड अजून आजोबांच्या हातांनी गरम होतं. पलीकडच्या टोकाला एमिलकाका मान तिरकी करून, ती नीट दिसावी म्हणून धडपडत, हसत उभे होते.

तिने हात काढून घेतला.

"आजोबा," ती म्हणाली, "आधी सांगा ना."

"काय सांगायचंय?" एमिलकाका म्हणाले.

आजोबांनी टोपी काढली आणि परत घातली. "एमिल, मी यंदा आमच्या माणसाला मत देणार नव्हतो. दिलं असतं तर क्विग्लीबाईंना दिलं असतं."

एमिलकाका हसले. "मग काय झालं? देत तर नाहीयेस." आणि मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्यांना लाकडं मांडायची गरज पडली नाही. "थांब," ते म्हणाले. "म्हणजे आज मी घरी बसलो, तर फक्त मीच घरी बसलो."

"मी पण इथेच आहे ना."

"तू आहेस. पण तुझ्या पक्षाचं आज एकही मत घटलं नाही." त्यांनी मान तिरकी केली. "कधीपासून?"

"सप्टेंबरपासून."

"आणि चर्चमध्ये माझ्याच टेबलावर बसून मासे खाल्लेस."

 एमिलकाकांनी मूठ सोडली, कोटाची बटणं लावली आणि रानातून रस्त्याकडे चालू लागले.

"कुठे निघालास?"

"मत द्यायला."

"शाळा सहा मैलांवर आहे. तुला रस्त्याची कड दिसत नाही."

"कडच दिसते. मधलं दिसत नाही," एमिलकाका मागे न वळता म्हणाले.

आजोबांनी ट्रक काढला. शंभर पावलांवर त्यांनी एमिलकाकांना गाठलं आणि त्यांच्या चालीने ट्रक शेजारून हाकत राहिले. इंगाने दार उघडून धरलं. एमिलकाका बरंच अंतर तसेच चालले. मग आत चढले. इंगा मध्ये, दोघं दोन बाजूंना.

अर्ध्या वाटेवर एमिलकाका म्हणाले, "तुझी बाई पडणार."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

आजोबांनी विचार केला. "ती 'मला माहीत नाही' म्हणाली, म्हणून."

"हे काय कारण झालं?"

"मला तेवढंच आहे."

एमिलकाका खिडकीबाहेर बघत राहिले. "निदान ती कारिनच्या माणसाला तरी पाडील," ते म्हणाले. "तेवढं पुण्य तुझ्या पदरात."

शाळेच्या दारात आई भेटली. एका आजीबाईंना हात धरून ती गाडीतून उतरवत होती. तिने आजोबांना पाहिलं, मग ट्रकमधून उतरणाऱ्या एमिलकाकांना पाहिलं, आणि सगळं समजली.

"बाबा, तुम्ही त्यांना घेऊन आलात? सकाळपासून मी दारोदार फिरून एकेक मत गोळा करतेय."

"मीही एकच आणलंय," आजोबा म्हणाले.

"विरुद्ध बाजूचं."

"हो. ते लपवून ठेवायला तू सांगितलं होतंस. मला जमलं नाही." ते हळू बोलले होते, इंगाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण तिला ऐकू गेलं. आईचा चेहरा लाल झाला. तिने आजीबाईंचा हात पुन्हा धरला आणि आत गेली.

जिममध्ये लुंडीनबाई टेबलाशी बसल्या होत्या. एरवी त्या शाळेचं वाचनालय सांभाळायच्या. इतकी वर्षं मत न दिल्यामुळे दोघांचीही नावं यादीतून गेली होती, ती पुन्हा घालायची होती. आजोबांनी गाडीचा परवाना दाखवला, त्यावर पत्ता होता. त्यांचं काम झालं. एमिलकाकांचा परवाना डोळ्यांबरोबर संपला होता. विजेचं बिल शहरातल्या मुलाच्या नावावर. त्यांनी खिसे चाचपले. खिशात एक सुरी, एक रुमाल आणि भुसा निघाला.

"हरकत नाही, एमिल," लुंडीनबाई म्हणाल्या. "तुम्ही इथेच राहता, असं शपथेवर सांगणारा याच भागातला एखादा मतदार चालेल. कुणी आहे बरोबर?"

एमिलकाकांच्या मागे हातभर अंतरावर आजोबा उभे होते. एमिलकाका वळले नाहीत. "मी मेहुण्याला फोन करतो," ते म्हणाले.

"मेहुणे पलीकडच्या भागात राहतात. चालणार नाही."

"मग राहू दे."

इंगाने आजोबांकडे पाहिलं. त्यांना गप्प राहायला यापेक्षा सोपी वेळ मिळाली नसती. काही करायचंच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. एमिलकाका परत गेले असते, आणि ओक दोनच राहिले असते.

"मी देतो शपथ," आजोबा म्हणाले.

लुंडीनबाईंनी कागद पुढे सरकवला. "हे कुठे राहतात, हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे?"

"त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा माझ्या खिडकीतून दिसतो. पाचला लागतो. बायको गेली त्या हिवाळ्यात तीनला लागायचा."

"एवढं विचारलं नाहीये तिने," एमिलकाका पुटपुटले.

आजोबांनी उजवा हात वर केला, शपथ घेतली आणि सही केली. मग दोघं दोन आडोशांच्या मागे गेले. एमिलकाकांना लुंडीनबाईंनी भिंग दिलं. त्यांना खूप वेळ लागला. आजोबांचं आधी झालं आणि ते दाराशी थांबून राहिले, टोपी हातात घेऊन, जसे ते चर्चमध्ये थांबत.

परत येताना इंगा पुन्हा दोघांच्या मध्ये बसली. दोघांच्याही कोटांवर मत दिल्याची लाल चिकटपट्टी होती. इंगाला दोन विरुद्ध मतांवर एकाच रंगाची पट्टी बघून गंमत वाटत होती, पण हसायची ती वेळ नव्हती. या राज्यात उद्या काय निकाल लागेल, हे त्या घडीला कुणालाच ठाऊक नव्हतं. क्विग्लीबाईंनी कुणाची मतं खाल्ली यावर लोक मग वसंत येईपर्यंत भांडणार होते, इंगाच्या घरातही.

एमिलकाकांच्या घराशी ट्रक थांबला. ते उतरले नाहीत. "करवत रानात राहिलीय," ते म्हणाले. "रात्री दव पडलं तर गंजेल."

म्हणून तिघं पुन्हा रानात गेले. उन्हं झाडांच्या बुंध्यांपर्यंत उतरली होती. ओंडका तसाच होता आणि करवत त्यात तशीच उभी. पण तिथून निघण्याच्या घाईत कुणाचा तरी पाय लागून ओंडका आपल्या टेकूवरून थोडा सरकला होता आणि चीर मिटली होती. एमिलकाकांनी आपली मूठ धरून हिसका दिला. करवत जागची हलली नाही. आजोबांनी दुसरीकडून ओढून पाहिली. नाही.

"एकट्याने नाही निघायची," आजोबा म्हणाले.

"ते मला सांगतोस?"

दोघंही मागे झाले. एमिलकाका एका बुंध्यावर टेकले. आजोबा थर्मासचं झाकण उघडून परत लावत राहिले. "पुढच्या खेपेचं काय?" एमिलकाकांनी विचारलं, पण आजोबांकडे न बघता, रानालाच विचारल्यासारखं.

"क्विग्लीबाई पुन्हा उभ्या राहिल्या तर मी काय करीन, सांगता यायचं नाही," आजोबा म्हणाले. "पण सप्टेंबरमध्येच सांगीन."

 

इंगाने कोटाच्या खिशात हात घातला. सकाळी पहिला तुकडा पडल्यावर परत टाकलेली पाचर तिथेच होती. ती ओंडक्याजवळ गुडघे टेकून बसली, मिटलेल्या चिरेच्या वरच्या तोंडाशी पाचरेचं टोक लावलं आणि हातोडीने एक ठोका दिला. पाचर निसटली. तिने ती पुन्हा लावली, हळू ठोकली, मग जरा जोरात. लाकूड करकरलं. केसाएवढी फट दिसली, मग बोटाच्या नखाएवढी, आणि पातं आपल्याआपण किंचित हललं.

तिने हातोडी भुशात ठेवली. हातमोजे काढले, आजोबांच्या बाजूची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि सगळं अंग मागे टाकून ओढली. करवत तिच्याकडे आली, खर्र करून, हातभर. मग तिने कुणाकडेही न बघता हात सैल सोडले आणि पलीकडून ओढ येण्याची वाट बघत उभी राहिली.